लाल चिंधीची गाठ

हे मी नऊ वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, चर्चच्या पाळकसाहेबांना नाही. आमच्याकडे रविवारी पापांची कबुली सगळे मिळून देतात, एका सुरात. त्या सुरात मी हे दर रविवारी दडवत आले. आम्ही चुकलो, असं सगळ्यांबरोबर मोठ्यानं म्हणायचं. कुठं चुकलो ते देवानं आपलं आपण ओळखून घ्यायचं. जमतं असं — फार सहज जमतं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं काही होत नाहीये.

आधी एक सांगते. मी दुःखी बाई नाही. हे ओझं उरावर घेऊन मी रात्र रात्र जागले, असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. मी छान झोपले. झरीच्या शाळेत विज्ञान शिकवते, मुलींची कवायत घेते. घरचं बरं चाललंय. परभणीतल्या आमच्या चर्चच्या छोट्याशा मंडळीत सगळे मला 'टीचर' म्हणतात आणि जीव लावतात. माझे दिवस समाधानात गेले. सांगायची गोष्ट कदाचित हीच आहे.

नऊ वर्षांपूर्वी आमच्याकडे नवे पाळक आले. त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या पाळकीणबाईंनी, महिला संघाच्या बैठकीत एक भलतीच गोष्ट काढली. दरवर्षी ईस्टरच्या आधी आमचं शिबिर व्हायचं — हॉलमध्ये सतरंज्या टाकून, पंख्याखाली. त्या म्हणाल्या, यंदा हॉल नको. पाठीवर बॅगा घेऊन डोंगरातून चालत जाऊ, एक रात्र बाहेर राहू, दुसऱ्या दिवशी परत येऊ. जिंतूरच्या पुढं एका फाट्यावर एसटीतून उतरायचं. तिथून बारा किलोमीटर पायवाट. येलदरीच्या धरणाकाठी एका गावात शाळेच्या ओसरीत मुक्काम.

आम्ही हसलो. आमच्या आयांनी डोक्यावर सरपण वाहिलं, पाणी वाहिलं, लेकरं वाहिली. हौसेनं ओझं घेऊन चालायचं, ही काय गंमत? पण नऊ जणी तयार झाल्या. मुलांची शाळेची दप्तरं रिकामी केली. माझ्या पाठीवर माझ्या लेकाचं निळं दप्तर होतं, त्यावर जाळं फेकणाऱ्या कोळीमाणसाचं चित्र. पासष्ट वर्षांच्या मार्था मावशीसुद्धा निघाल्या. "मी जिंदगीभर रानात चाललेय, तुमीच मागं राहताल," म्हणाल्या. त्यांच्याबरोबर त्यांची सून रूथ. चोवीस वर्षांची. चुडाव्याची मुलगी, लग्न होऊन पाचच महिने झालेले. बारीक, भरभर चालणारी, विचारल्याशिवाय न बोलणारी.

पाण्याचे चार कॅन होते, पाच-पाच लिटरचे, पांढरे, एकसारखे. ते कोण घेणार, असं विचारल्यावर पहिला हात मी वर केला. कवायत घेणारी बाई मी — मी कशी मागं राहणार? तरण्या मुलींनी दोन घेतले. चौथा रूथनं घेतला, न बोलता. आपला कळावा म्हणून तिनं त्याच्या कानाला लाल चिंधी बांधली. जुन्या ओढणीची असावी.

एसटी उशिरा आली. फाट्यावरून निघालो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. होळी नुकतीच झाली होती. पळस असा फुलला होता की डोंगराचे डोंगर पेटल्यासारखे दिसत होते, आणि एकाही झाडाला सावली पडेल एवढी पानं नव्हती. आम्ही गाणी म्हणत चाललो. पहिला तासभर तर मला वाटत होतं, आयुष्यभर असंच चालत राहावं.

मग गुडघा बोलायला लागला.

माझा उजवा गुडघा तेव्हाही दुखायचा. हे कुणाला ठाऊक नव्हतं, मी ठाऊक होऊ दिलं नव्हतं. दप्तराचा पट्टा खांद्यात रुतत होता. चढ आला की पाठीवरचा कॅन मला मागं ओढायचा. पुढं मार्था मावशी काठी टेकत निवांत चालल्या होत्या. रूथ तर मध्येच धावत पुढं जाऊन परत येत होती. आणि मी सेहेचाळीसची, घामानं निथळलेली — पण चेहरा मात्र हसरा.

काय करता आलं असतं? बाई, माझ्याच्यानं होत न्हाई, एवढं म्हणायचं होतं. कुणीही तो कॅन घेतला असता. रूथनंच घेतला असता.

मी म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मी आलेच. सगळ्यांना वाटलं, आडोशाला जायचं असेल. मी एका मोठ्या दगडामागं गेले. कॅन काढला, झाकण उघडलं आणि आडवा केला. आधी अर्धाच ओतायचं ठरवलं होतं. अर्धा झाल्यावर वाटलं — धरण तर पुढंच आहे, तीन कॅन आहेतच, कोण मोजतंय? सगळा ओतला. मी मराठवाड्यात जन्मले, वाढले. लहानपणी रांगेत घागरीवर बसून अभ्यास केला. पाणी काय असतं हे मला शिकवायला नको होतं. दगड इतके तापले होते की मी झाकण लावेपर्यंत ओल नाहीशी झाली.

हलकी झाले आणि सगळ्यांच्या पुढं निघाले. "टीचरला बघा," कुणीतरी म्हणालं. मला ते आवडलं.

इथपर्यंतचं कदाचित मी कधीतरी हसत सांगून टाकलं असतं. दोन वर्षांनी, चार वर्षांनी. आपणच आपली फजिती सांगतो तसं. नाही सांगितलं, ते पुढच्यामुळं.

एकच्या सुमाराला एक मोठं कडुलिंबाचं झाड आलं. आम्ही खाली बसलो. कॅन बाहेर काढून खोडाच्या सावलीत ओळीनं ठेवले. माझाही ठेवला, तो भरलेला असावा तसा दोन्ही हातांनी. चपाती, शेंगदाण्याची चटणी, कांदा. जेवणात दोन कॅन संपले. उन्हानं सगळ्या गळून गेल्या होत्या. रूथ दोघींबरोबर पळसाची फुलं आणायला गेली, बाकीच्या आडव्या झाल्या. तेवढ्यात पाळकीणबाई डोळे मिटतामिटता म्हणाल्या, "निघताना तुमचाच कॅन उघडू टीचर. तेवढंच तुमचं ओझं कमी."

किती प्रेमानं म्हणाल्या. आणि माझ्या कॅनमध्ये थेंब नव्हता.

आताही वेळ होती. सांडलं म्हणता आलं असतं. मला कुणी एक शब्द बोललं नसतं — माझं नाव होतं, वय होतं, मान होता. मला काहीच झालं नसतं. मग का नाही म्हणाले? जे केलं तेवढं सांगते.

पाळकीणबाईंनी तोंडावर पदर ओढून घेतला होता. मार्था मावशी घोरत होत्या. मी खोडाकडं सरकले. रूथच्या कॅनची लाल चिंधी सोडली. गाठ घट्ट होती, नखानं सोडवावी लागली. मग ती चिंधी माझ्या रिकाम्या कॅनच्या कानाला बांधली, तशीच, दोन पदरी. आणि जागेवर येऊन झाडाला टेकून बसले.

एवढंच. मिनिटभर लागलं असेल. चुकून झालं, रागात झालं, घाबरून झालं, यातलं काही म्हणण्यासारखं ते मिनिट नव्हतं. गाठ सोडवायला डोकं शांत लागतं.

रूथ ओच्यात फुलं घेऊन आली. बॅग भरायला म्हणून तिनं चिंधीचा कॅन उचलला आणि तिचा हात एकदम वर गेला. तीच ओरडली. दुसऱ्या कुणाला कळायच्या आत तिनंच सांगितलं.

"अगं बाई! हे तर रिकामं हाय!"

मार्था मावशी उठून बसल्या. "रिकामं कसं काय? तुझ्याच पाठीवर होतं ना?"

"आत्याबाई, मी झाकण उघडलं बी न्हाई. आत्तापतुर जड लागायलं होतं."

"मग पाणी काय उडून गेलं?"

कुणीतरी तिच्या बॅगेला हात लावला. ओली होती. घामानं सगळ्यांच्याच बॅगा ओल्या होत्या, पण हात तिच्याच बॅगेला लागला. रूथनं सगळ्यांकडं एकेकदा बघितलं. माझ्याकडंही.

आणि मग मी बोलले. हे सगळ्यात वाईट आहे, म्हणून नीट सांगते. मी गप्प बसले नाही. मी तिची बाजू घेतली.

"जाऊ द्या मावशी," मी म्हणाले. "लेकरू हाय. झाकण सैल राहिलं असंल, चालता चालता गळून गेलं. तिला तरी काय ठाऊक?"

झालं. मी मध्ये बोलले नसते, तर एखादीनं विचार केला असता की वाटेत खाली ओल कशी दिसली नाही. पण मी माफ करून टाकलं म्हटल्यावर गुन्हा तिचाच ठरला. पाळकीणबाई म्हणाल्या, "टीचरचा कॅन भरलेला हाय, देवाची कृपा." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कसं बघितलं ते मला अजून आठवतं. मला ते तेव्हाही गोड वाटलं होतं.

तासाभरानं मार्था मावशींना घेरी आली. वाटेतच खाली बसल्या, ओठ पांढरे पडले. उरलेला एकच कॅन, पुढं चार किलोमीटर, नऊ जणी. मी पाणी वाटायला लागले, झाकणानं मोजून, एकेक झाकण. मावशींना तीन, डोक्यावर ओला रुमाल. मी झाकण रूथच्या पुढं धरलं. तिनं मान हलवली.

"मला नको टीचर. आत्याबाईला द्या."

मी आग्रह केला. तिनं घेतलं नाही. तिचंच पाणी मी तिला देत होते आणि ती लाजेनं घेत नव्हती. ते चार किलोमीटर तिनं सासूची बॅग आपल्या पोटाशी बांधून, सासूला धरून, एक थेंब न पिता काढले. गावच्या हापशावर पोचलो तेव्हा आधी मावशींना पाजलं, मग दोन्ही हातांची ओंजळ लावून किती वेळ पीत राहिली. हापसा मी मारत होते.

मावशी सावरल्या. संध्याकाळी धरणाच्या पाण्यात पाय सोडून बसलो. गावातल्या एका शेतकरणीनं — ओळख ना पाळख — ज्वारीच्या भाकरी, पिठलं आणि ठेचा आणून दिला आणि आमची गाणी ऐकत बसली. पाण्यावर असा काही उजेड पडला होता की बोलणं थांबलं. तेवढ्या आनंदात मी फार कमी वेळा होते. रूथ मावशींचे पाय चेपत होती. मी कुशीवर वळले आणि झोपले.

तेव्हापासून दरवर्षी आम्ही जातो. आता वीस-बावीस जणी असतात. आणि दरवर्षी कॅन वाटताना कुणीतरी म्हणतंच — "रूथला पाणी देऊ नका गं!" सगळ्या हसतात. रूथही हसते. तिच्याकडं ताटं, अंथरुणं, तेलाची बाटली दिली जाते. पाणी कधी नाही. मीही हसते. नऊ वर्षं हसले.

रूथच्या घरात मात्र तो विनोद नव्हता. मावशी वाईट बाई नाहीत, पण तोंडानं कडक. "मला तहानेनं मारणार होती," हे वाक्य पाहुण्यांसमोर यायचं, दूध उतू गेलं की यायचं. सहा वर्षांपूर्वी संडे स्कूल, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, कुणाकडं द्यायचं, हा प्रश्न निघाला. पाळकसाहेबांनी रूथचं नाव घेतलं, ती मुलांमध्ये रमते म्हणून. मागून कुणीतरी म्हणालं, "झाकण लावता येतं का विचारा आधी." हशा झाला. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. संडे स्कूल माझ्याकडं आलं, आणि त्या सहा वर्षांत मुलांनी मला जे दिलं ते — जाऊ द्या. ते तिचं होतं.

मागच्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रूथ आता नर्स आहे. ड्युटी संपली की ती रोज माझ्याकडं यायची, पट्टी बघायची, मला धरून व्हरांड्यात चालवायची. त्या दिवसांत मी एक बघितलं. ती औषधाच्या बाटलीचं झाकण लावायची, मग परत फिरवून बघायची, दाराशी गेली की परत यायची आणि पुन्हा बघायची. पाण्याच्या बाटलीचंही तेच. मी विचारलं, असं का करतेस? ती हसली.

"सवय लागली टीचर. त्या वेळी मला लय राग आला होता, की मी न्हाई केलं. मग हळूहळू वाटाय लागलं, मीच केलं असंल. ध्यान नसंल माझं. तुमी सांभाळून घेतलं म्हणून, न्हाईतर..."

माझा पाय तिच्या हातात होता. तेव्हाही मी सांगितलं नाही. ऑपरेशन झालेली बाई, ताण नको — असं मनात म्हणाले बहुतेक.

यंदा फेब्रुवारीत संडे स्कूलची सहल ठरवत होतो. मुलांना विचारलं, पाण्याचा जार कुणाच्या घरून येईल? रूथची लेक सात वर्षांची. ती शहाण्यासारखी उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या घरून नको टीचर. मम्मीच्या हातनं पाणी सांडतं."

त्याच शनिवारी दुपारी मी रूथच्या घरी गेले. मावशी आत निजल्या होत्या. रूथ भाजी निवडत होती. मी बसले आणि सांगितलं. दगडामागचं, चिंधीचं, गाठीचं. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर पुढं गेले नसते. तिचे हात मेथीच्या जुडीवर तसेच राहिले. रडली नाही, ओरडली नाही. तिनं एकच विचारलं.

"म्हणजे झाकण घट्ट होतं?"

"घट्ट होतं," मी म्हणाले. "तुझा कॅन काठोकाठ भरलेला होता."

तिनं मान हलवली आणि पुन्हा मेथी निवडायला घेतली. मी उठले. तिनं बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी उपासनेनंतर महिला संघाची बैठक होती. मी उभी राहिले आणि तेच सगळं पुन्हा सांगितलं, तेवढ्याच शब्दांत. संडे स्कूलच्या चाव्या टेबलावर ठेवल्या. कुणी हसलं नाही. पाळकीणबाई खाली बघत होत्या. मार्था मावशी पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या आता चौऱ्याहत्तरच्या आहेत, ऐकू जवळजवळ येत नाही. सगळे गप्प का झाले हे त्यांना कळेना. त्यांनी शेजारी बसलेल्या रूथचा हात ओढला.

"काय म्हणायल्या टीचर?"

रूथ त्यांच्या कानाशी वाकली. काहीतरी हळू बोलली. मावशींनी मान हलवली — नाही आलं ऐकू.

रूथ सरळ झाली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं सासूकडं बघितलं, आणि इतक्या मोठ्यानं की मागच्या भिंतीपर्यंत गेलं असेल, मी तिचा एवढा आवाज कधी ऐकला नव्हता, ती म्हणाली,

"आत्याबाई, ते पाणी मी न्हाई सांडलं!"

मावशी तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी हळूच, अगदी लहान मुलासारखं विचारलं, "मग कुणी सांडलं?"

ते सांगायचं काम रूथचं नव्हतं. मी पुढं गेले, मावशींच्या खुर्चीपाशी वाकले, आणि त्यांच्या कानात सांगितलं.